तुळईखालची जागा

हे लिहिणारच नव्हतो. उल्याना म्हणाली, लिही. म्हणून लिहितोय.

व्लादिमीर शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. तुळईचा हिशोब ज्याचा, त्यानं वजनं चढताना तिच्याखाली उभं राहायचं. त्या दिवशी उल्याना उभी होती. वर पाइनची लांब तुळई, तिच्या पोटात खाचा पाडून चिकटवलेल्या पोलादी सळया. नदीवरच्या पायपुलासाठी. तुळई किती वाकेल हे सांगणारं संगणकावरचं मॉडेल तिचं.

"टोपी घाल गं, भुसा पडेल," मी क्रेनवरून ओरडलो.

"पडला तर तुझ्या चहात घालीन!"

तिचे गुरुजी क्लिम अर्कादिच तुळईचा वाक मोजणाऱ्या मापकाशी उभे होते. तिला हे काम त्यांनीच शिकवलं. पूल बांधून घेणारे साहेबही चाचणी बघायला आलेले; त्यांना आकडे क्लिम अर्कादिचनीच कळवलेले, तिच्या नावानं.

मी एक वजन चढवलं. तुळई कुरकुरली.

"सव्वीस मिलिमीटर," क्लिम अर्कादिच पुटपुटले.

"जमलं!" उल्याना खालून हसली. "सव्वीसच काढलेले मी."

पुलाचे साहेब चमकले. "एवढ्या वजनाला? आम्हाला तर तुमच्या नावानं एकोणीस सांगितलेत."

तिच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं. काढायचं विसरल्यासारखं.

"माझ्या मॉडेलमध्ये सळई लाकडात जरा सरकते," ती हळू म्हणाली. "तुमच्या आकड्यात ती घट्ट कुणी धरली?"

क्लिम अर्कादिच मापकाकडेच बघत होते. "उल्या, तुळई तुटणार थोडीच आहे? सव्वीस म्हटलं असतं तर काम दुसऱ्यांनी नेलं असतं."

"अहो, पूल झुलेल. लोक मला विचारतील."

"तुझ्या शब्दावर विश्वास आहे लोकांचा, पोरी. म्हणून तर तुझं नाव घातलं."

ती तुळईखालून बाहेर आली. टोपी झटकली.

"एकोणीस तुमचे आहेत, क्लिम अर्कादिच. या, उभे राहा."

ते हलले नाहीत. साहेब त्यांच्याकडे बघत होते. शेवटचं वजन माझ्या क्रेनला लोंबत होतं.

"चढव रे तू," ते मला म्हणाले. "खाली कुणी नाही, ते उलट बरंच."

उल्यानानं वर बघितलं, माझ्याकडे.

मी क्रेन बंद केली.

"उल्या," म्हटलं, "ते खाली उभे राहीपर्यंत हे वजन इथंच लोंबेल. शब्द माझा."