फळीवरची ठकठक

आमच्या दोन कासवांचं अजिबात पटत नव्हतं. पहिलवान दिवसभर भित्रीला ठकठक ढुशा मारायचा, तिचे पाय चावायचा. माझी नणंद प्राण्यांची डॉक्टर. ती म्हणाली, "वहिनी, पेटीत मध्ये फळी घाल. काच नको. दोघांना एकमेकांची सावलीसुद्धा दिसता कामा नये."

मी जाड फळी बसवली. भित्री त्या दुपारी पोटभर खाऊन निवांत झोपली. पण ठकठक काही थांबेना.

"फळीला धडका देतोय, दुसरं काय," नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला. त्याला कशाचंच काही नसतं.

मी जाऊन पाहिलं. पहिलवानाची फळीकडे पाठ होती. तो समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत स्तब्ध उभा होता. तरी ठक् झालं, आणि तो वाळूत बोटभर मागे सरकला.

मला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. खात्री करून घ्यायला मी भित्रीला उचललं आणि स्वयंपाकघरातल्या रिकाम्या बादलीत ठेवून आले. आवाज चालूच.

आता नवराही उठून आला. "अगं, याच्या पाठीवरचा टवका कधी उडाला?"

"सकाळी तर नव्हता."

पुन्हा ठक् झालं. पहिलवानाने मान आत ओढून घेतली. इतक्या वर्षांत त्याला असं करताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मग सगळं शांत झालं. थोड्या वेळाने फळीवर, जिथे कोणीच नव्हतं तिथे, अगदी हलकेच ठक् वाजलं. दार वाजवावं तसं.

आणि स्वयंपाकघरातल्या बादलीतून भित्रीने तितक्याच हलकेच उत्तर दिलं.