कारणाचा रकाना

नियम एक्केचाळीसपुढचा रकाना अजून कोराच होता. वरून हुकूम आला होता: खात्याच्या प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण एका ओळीत लिहा, कारण सापडलं नाही तर नियम खोडा. खात्यातली ती कारकून महिनाभर तेच करत होती. घोड्यांना पाणी पाजण्याबद्दलचा नियम तर तिनं हसत हसत खोडला होता.

एक्केचाळीस मात्र डोक्यातून जाईना. शीतगृहाच्या प्रत्येक खोलीत धोक्याच्या घंटेची दोरी असावी आणि ती जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत लोंबती असावी. दोरी हवी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण थेट वीतभर? ढकलगाड्यांच्या चाकांत अडकते म्हणून मालक वर्षानुवर्षं बोंबलत होते.

"मारा फुली आणि व्हा मोकळ्या," साहेब म्हणाले. "आज शेवटचा दिवस आहे."

"ज्यांनी लिहिला त्यांना एकदा विचारून येते."

"जा बाई. माणसं रिटायर होतात, नियम काही होत नाहीत."

नियमाखाली एका निरीक्षकाची सही होती. पेन्शनच्या कागदांतून पत्ता काढून, दोन बस बदलून, रजिस्टर काखेत मारून ती त्यांच्या दारात उभी राहिली. म्हातारे निरीक्षक खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होते. नियमाचा आकडा ऐकला आणि सुई जागीच थांबली.

"खोडताय?"

"कारण मिळालं नाही तर. वीतभरच का, साहेब?"

 ते सुईकडे बघतच सांगू लागले. सुट्टीच्या आदल्या दिवशी एक कामगार आत राहिला. बाहेरून कडी लागली. आत बर्फावरून घसरून त्याचा पाय मोडला. दोरी होती, अगदी तेव्हाच्या नियमाला धरून, खांद्याइतक्या उंचीवर. दार दोन दिवसांनी उघडलं.

"दोरीखाली भिंतीवर नखांचे ओरखडे होते. सरपटत तिथवर आला होता बिचारा. मी पट्टी लावून मोजलं. सगळ्यात वरचा ओरखडा जमिनीपासून वीतभर."

तिनं रजिस्टर उघडलं. "मग हे तेव्हाच का नाही लिहून ठेवलंत?"

"तेव्हा कारण कुणी मागत नव्हतं. आणि खरं सांगू? ते माझ्या पथ्यावरच पडलं."

तिला अर्थ लागेना. त्यांनी शर्ट बाजूला ठेवला, रजिस्टर मांडीवर ओढून घेतलं आणि पेनासाठी हात पुढे केला. अक्षर वळणदार आलं. लिहून झाल्यावर त्यांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.

'दोरी उंच असल्यामुळे एक माणूस गेला. ती उंची मी ठरवली होती.'