लाल टॅग

कॉम्प्युटरच्या स्विचला आनंदरावांनी लाल टॅग बांधला, सुतळीच्या दोन गाठी मारल्या आणि समोरच खुर्ची टाकून बसले. टॅग पोलादाच्या कारखान्यातला होता, रिटायर होताना आठवण म्हणून आणलेला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'स्विच चालू न करें, आदमी काम पर है।'

"मामाजी, फक्त दोन मिनिटं," सून म्हणाली.

"दोन मिन्टात भट्टी उडते, स्नेहल."

तेव्हा कुरुदमध्ये कॉम्प्युटर असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि आनंदरावांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे भट्टीचाच धाकटा भाऊ. त्यात दुपारी मुलानं, निखिलनं, रसमड्याच्या ऑफिसातून जीपच्या ड्रायव्हरबरोबर एक छापील कागद पाठवलेला. एक भयंकर व्हायरस फिरतोय, त्याचा मेल उघडला की मशीन जळतं. खाली निखिलच्या अक्षरात चार शब्द जास्तीचे : बाबा, कोणाला हात लावू देऊ नका. संध्याकाळी येऊन मीच तो मेल काढतो.

स्नेहलचा जीव तिला आलेल्या एका मेलमध्ये अडकला होता. काल रात्री तिनं यादीत त्याचं नाव पाहिलं, आणि उघडणार तोच लाइट गेली, ती आज दुपारपर्यंत आलीच नाही. राजनांदगावच्या शाळेचं बोलावणं होतं. मुलाखत कधी, कुठे, काहीच वाचून झालं नव्हतं, शाळेचा फोन नंबरही तिच्याकडे नव्हता. निखिल घरी पोचला की सगळंच पुसलं जाणार. मुलाखत उद्याच असली तर?

"असे कागद खोटे असतात, मामाजी. मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मुलांना शिकवलंय. 'मोठ्या कंपनीनं काल जाहीर केलं' म्हणतात. कोणती कंपनी? कुठला काल? आणि शेवटी 'ओळखीच्या सगळ्यांना पाठवा.' खऱ्या व्हायरसला अशी दवंडी लागत नाही."

"असंल खोटा," आनंदराव म्हणाले. "पण कोक ओव्हनच्या भट्टीमंदी गॅसचा अलार्म वाजला का आमी पळो. खरा का खोटा पाहाले आमच्यातला सुखराम थांबला होता."

"मग?"

"मग काय. त्याले उचलून आणलं."

म्हातारा हट्टी होता, पण लबाड नव्हता. लबाड असता तर भांडता तरी आलं असतं. ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा धर्म त्यांनी नोकरीभर पाळलेला. घराला दारं होती, खिडक्या होत्या, आणि स्नेहलला मात्र त्या चार बोटांच्या टॅगनं कोंडून ठेवलं होतं.

"तो कागद दाखवा तर खरं," ती शेवटी म्हणाली.

आनंदरावांनी खिशातून घडी काढून दिली. स्नेहल वाचत गेली, आणि मधल्या एका ओळीवर तिचे डोळे थांबले. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. हे बोलून दाखवायचं म्हणजे बापासमोर मुलाचं नाव घ्यायचं. तिनं कागद परत दिला.

"तुम्हीच मोठ्यानं वाचा ना एकदा."

आनंदरावांनी चष्मा लावला आणि सेफ्टीची सूचना वाचावी तसं एकेक शब्द सुटा करून वाचू लागले. "जगातला सर्वांत घातक व्हायरस... करोडो कॉम्प्युटर जळाले... 'गणित शिक्षिका, मुलाखत' या नावाचा मेल आला तर..."

ते थांबले. चष्मा वर करून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"त्या मेलचं नाव हेच हाय?"

"हो."

"तू कोणाले सांगतलं होतं?"

"फक्त यांना. काल रात्री. छान म्हणाले, आणि कूस बदलून झोपले."

आनंदरावांनी कागदाची घडी केली, आधी होती त्याच दुमडींवर, आणि खिशात ठेवली. उठून स्विचपाशी गेले. गाठी घट्ट बसल्या होत्या. त्यांनी त्या नखांनी सोडवल्या.

"वाच. वहीत उतरव आन् बंद करून टाक. टॅग मी पुन्ना बांधतो. निखिलले समजलं नाई पायजे."

"मामाजी, तुम्ही त्यांना एकदा विचारा ना. तुम्ही वडील आहात."

"कारखान्याचं सेक्टर दहाचं क्वार्टर रिटायर झाल्यावर सुटलं, पोरी," ते म्हणाले. "मलेबी याच घरात राहा लागते." दारापर्यंत जाऊन ते वळले. "मी गेटपाशी बसतो. त्याची गाडी दिसली का खोकलतो."

स्नेहलनं स्विच दाबला. कॉम्प्युटर कण्हत कण्हत जागा झाला, पडदा निळा झाला, मग एकेक चित्र सावकाश उमटू लागलं. यादी आली. त्या मेलचं नाव जागेवर होतं.

बाहेरून खोकला ऐकू आला.

तिचा हात माउसवर थांबला. पण जन्मभर कोकची भुकटी छातीत घेतलेला माणूस, त्याला खोकला केव्हाही येतो. गाडीचा आवाज आहे का म्हणून तिनं कान दिला. रस्त्यावरून कसलीतरी गाडी जात होती, रोजच जातात. खोकला पुन्हा आला, आता जरा लांबला. इशारा खरा का नुसताच खोकला, हे कळायला उठून खिडकीशी जावं लागलं असतं. ती उठली नाही. तिनं मेल उघडला.