गायकाची टाच

“सांगून टाका ना त्यांना!” पडद्यामागे बायको खुणा करत म्हणाली. “सांगितलं तर दुसऱ्याला बसवतील,” ड्रमवाला पुटपुटला. नव्वदच्या दशकातली गाणी गाजवणारा त्यांचा बँड पंचवीस वर्षांनी पुन्हा जमला होता, आणि याचे कान वर्षभरापूर्वीच पूर्ण गेले होते. पडदा उघडला. गायकाच्या थिरकत्या टाचेवर नजर रोखून त्याने ठेका धरला. गाणी हातात मुरलेली होती. दोन सुखरूप पार पडली. तिसऱ्याच्या ऐन मध्यावर टाच थांबली. गायकाने माइक खाली घेतला. ड्रमवाल्याला वाटलं, चुकलो! झाकली मूठ उघडली! थांबावं की रेटावं, कळेना. घाबरत त्याने मान वर केली. समोर सगळ्यांची तोंडं एकदम हलत होती; गायकानेच गाणं त्यांच्या हवाली केलं होतं. पहिल्या रांगेतल्या एका टकलू गृहस्थांच्या ओठांवर डोळे खिळवून तो वाजवत राहिला.