ब्रेकमधली हवा

थोरली मुलगी बापाशी भांडून, तान्हं बाळ घेऊन सासरी निघून गेली, त्या वर्षीची गोष्ट. नातवाला बघायला जायचं तर आपल्या जुन्या मोटारीतूनच, हा नवऱ्याचा हट्ट. मोटारीचे ब्रेक दोन महिने उघडे पडले होते. आता ते जोडून झाले होते. फक्त आतली हवा काढायची राहिली होती.

अंगणातल्या शेडमध्ये उभ्या मोटारीत बायको स्टिअरिंगमागे बसली. तिच्या साखरेच्या बरणीत त्याने चाकाच्या ब्रेकला लावलेली रबरी नळी सोडली होती. बरणीत कालचं काळं, चिकट ब्रेक ऑइल साचलं होतं. बरबटलेले हात त्याने तिच्याच टॉवेलला पुसले, नाकही त्यातच शिंकरलं.

शर्ट खराब होऊ नये म्हणून तो काढून त्याने तिच्या शेजारच्या सीटवर फेकला. आंबूस भपकारा आला. खिशातली त्याच्या हृदयाच्या गोळ्यांची डबी खुळखुळली.

डॉक्टरांनी अशी कामं नको सांगितली होती, याची तिने आठवण दिली. तो डॉक्टर माणसांचा, मोटारींचा नाही, असं म्हणून तो स्वतःच हसला, पचकन थुंकला आणि मागच्या चाकापाशी आडवा झाला.

काम सोपं होतं. 'दाब' म्हटलं की पेडल दाबायचं, 'सोड' म्हटलं की सोडायचं. मधेच सोडलं की हवा परत आत, आणि सगळं पहिल्यापासून. काल त्याला ठसका लागला म्हणून ती पाणी घेऊन धावली होती. त्यावरून त्याने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा तिचा उद्धार केला. तुझ्या धांदरटपणामुळे नातवाची भेट लांबली, असंही म्हणाला.

"आज आभाळ कोसळलं तरी मी 'सोड' म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. कळलं का?"

"नाही उचलणार," ती म्हणाली.

तीन चाकं झाली. चौथं पुढचं, तिच्या दारालगतचं. खालून "दाब" आलं. पेडल तळाला गेलं. तिने पाय रोवला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

साडेबाराला शेजारीण वाटी परत द्यायला आली आणि दारातच थिजली.

"अगं, उतर खाली. यांच्याकडे बघ जरा."

"अजून 'सोड' म्हणाले नाहीत," ती म्हणाली.

नवरा सव्वादहाला गेला होता. त्याआधी दहा मिनिटं तो डबी मागत होता.