वेशीच्या आत

"गावाबाहेर?" आप्पासाहेब एवढ्यानं ओरडले, की आत शरयूच्या हातातलं उलथणं खाली पडलं. "पाटलाचं पोर गावाबाहेर राहनार? आरं, नाक कापलंस की रं माझं!"

विश्वासनं सोप्यातल्या खाटेवर नकाशा पसरला होता. बर्मिंगहॅम शहराचा. तिथल्या कारखान्यात त्याला इंजिनिअरची नोकरी लागली होती, करार पाच वर्षांचा, बोटीची तिकिटंही काढून झाली होती. बायको-मुलाला घेऊन राहायचं कुठं, एवढंच ठरायचं होतं. नकाशाच्या कडेच्या एका उपनगराभोवती त्यानं पेन्सिलीनं गोल काढला होता.

"आप्पा, त्याला सबर्ब म्हणतात. शहराच्या बाहेर असतं. बंगले, बागा, मोकळी हवा. बडे साहेब तिथंच राहतात."

"सायबाला काय कळतंय? ग्येला न्हवं हितनं चंबूगबाळं आवरून?"

आष्ट्यापासून चार कोसांवरच्या या गावचे आप्पासाहेब पाटील. पाटीलकी सरकारनं काढून घेतली होती, मिशा तेवढ्या ठेवल्या होत्या. विलायत राहू द्या, मुंबईसुद्धा त्यांनी एकदाच पाहिली होती, तीही कोर्टाच्या कामानं. पण कुणी कुठं राहावं हे त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण ते न विचारताच सांगायचे. पाटलाचं घर चावडीला लागून. त्याभोवती भाऊबंद. आणि ज्यांचा विटाळ व्हायचा ते वेशीबाहेर, ओढ्याच्या पल्याड. देवानंच आखून दिल्यासारखं बोलायचे. जगातली सगळी गावं अशीच वसलेली असणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"ऐक," ते म्हणाले. "गावाच्या मधोमध घर मिळत आसंल तर सूनबाई आन् नातू जातील. न्हाईतर तू जा येकटा. ती दोगं हितंच राहतील."

आत शरयूनं डोळ्याला पदर लावला. तिची पेटी आठ दिवसांपासून भरून तयार होती. सासऱ्यांचा शब्द मोडून या घरात कुणी उंबरा ओलांडला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी जोतिबाला बोलावलंय," विश्वास चाचरत म्हणाला. "तीन वर्षं तो तिथंच आहे. त्याला विचारू. आपला जोतिबा काही खोटं..."

"आपला?" आप्पासाहेबांनी अंगणात पचकन पिंक टाकली. "वड्यापल्याडचा त्यो आपला कवापास्नं झाला रं?"

जोतिबा आला. धोंडीबाचा मुलगा. छप्पन साली त्याच्या घरादारानं बौद्ध धर्म घेतला होता. त्यांनी धर्म बदलला, गावानं त्यांची जागा नाही बदलली. सांगलीच्या वसतिगृहात तो आणि विश्वास एका खोलीत होते. पुढं हा डॉक्टर झाला आणि बर्मिंगहॅमच्या इस्पितळात लागला. आता आईला भेटायला रजेवर आला होता. गोऱ्यांच्या छातीला रोज हात लावणारा हा माणूस आप्पासाहेबांच्या खाटेला हात लावू शकत नव्हता. त्यांनी हनुवटीनं पायरी दाखवली. तो बसला.

"काय रं धोंडीबाच्या, त्या गावात मधोमध घर मिळंल का आमच्या इस्वासला?"

जोतिबानं मान वाकडी करून नकाशा पाहिला. पेन्सिलीचा गोल पाहिला. मग विश्वासकडं पाहिलं आणि त्याला मित्राची दया आली.

"मधोमध व्हय? मिळंल की. लगीच मिळंल."

"गावाबाहेर न्हाई न्हवं?"

"छ्या! गावाबाहेर मिळायचंच न्हाई."

आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! येवढी बुकं वाचलीस, पर आक्कल आमालाच इचारावी लागती. सूनबाई, चला तयारीला लागा! शबुद दिला म्या. आता बदलनार न्हाई."

शरयू दारात येऊन उभी राहिली. डोळे अजून ओले होते, पण हसत होती. विश्वासनं मुकाट्यानं खोडरबर घेतलं आणि तो गोल पुसायला लागला.

"आन् शेजार कसा हाय?" आप्पासाहेब आता लाडात आले होते. "चांगली मानसं हाईत न्हवं?"

"लय चांगली. येका अंगाला येक पंजाबी हाय, लोखंडाच्या भट्टीवर जातोय. समोर येक हबशी, बस चालवतोय. आन् दुसऱ्या अंगाला, मधल्या भिंतीपल्याड मी."

"तू?" आप्पासाहेबांची मिशी थरथरली. "तू मधोमध राहतोस?"

"तिथली रीत उलटी हाय, आप्पासाहेब. बडी मानसं राहत्यात वेशीबाहेर. मधल्या जुन्या गल्ल्यांत नुसता धूर, भिंतींला वल, आन् चार बिऱ्हाडांत येक संडास. गावाबाहेर आमास्नी घर देत न्हाईत. भाडं म्होरं क्येलं तरी दारातनंच माघारी लावत्यात. काहींनी तर खिडकीवर पाटीच लावलीया, काळ्या मानसानं इचारू नये म्हनून."

विश्वासचा हात नकाशावर तसाच थांबला. आप्पासाहेबांचा जीव मात्र भांड्यात पडला. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लहान पोराची चूक सुधारावी तसे मायेनं म्हणाले, "हां हां. आमास्नी म्हंजे तुमास्नी. गोरा झाला तरी त्योबी मानसाची जात वळकतोय."

जोतिबा पायरीवरून उठला. पँटीची धूळ झटकली.

"न्हाई, आप्पासाहेब," तो म्हणाला. "आपल्याला."