चाऊपुढचा शब्द

"पत्राच्या शेवटी लिहिलंय, 'आजी, बाबांचा एखादा फोटो पाठवाल? आपली, चाऊ.'" व्हिएतनाममधल्या तिच्या घरी थोआआजीला पत्र वाचून दाखवून खाममास्तरांनी चष्मा काढला. वीस वर्षांपूर्वी लेकापासून दिवस गेलेल्या पोरीला "हे मूल आमच्या घरचं नव्हे," म्हणून आजीने दारातूनच परतवलं होतं. आता लेकही हयात नव्हता, आणि पत्र होतं त्याच लेकराचं. "चाऊ म्हणजे नातच ना, मास्तर?" "नातच, आजी. पण म्हाताऱ्या माणसांना लिहिताना सगळेच स्वतःला चाऊ म्हणवतात. वीजबिलवालासुद्धा." "म्हणजे नुसती रीत?" "पुढे 'नोय' जोडलं असतं, तर मुलाकडचं, घरचं नातवंड. तेवढं लिहायला हात धजला नसेल पोरीचा." "धजेल कसा? तो शब्द मीच नाकारला ना!" आजी उठली. पूर्वजांच्या चौरंगावरचा लेकाचा एकमेव फोटो तिने बाहीने पुसला, मास्तरांचं पेन हिसकावलं आणि फोटोच्या पाठीवर ओठ चावत एकच शब्द लिहिला: नोय.